गेलेल्या घराचा मोबदला

(धर्मग्रामाच्या ज्युबिली सप्ताहात सभागृहात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ज्युबिलीच्या सप्ताहात बोलावयास उभे राहणाऱ्याने देवळाच्या पायाभरणीची हकीकत सांगावी, जुन्या धर्मगुरूंचे स्मरण करावे, आणि श्रोत्यांस फार वेळ न ताटकळविता खाली बसावे, असा आपल्याकडील शिरस्ता आहे. पैकी पहिली दोन कामे आमच्याहून अधिकारी वक्त्यांनी परवा व काल उत्तम रीतीने पार पाडली. तिसऱ्याची मात्र हमी आम्ही देऊ शकत नाही. आमचा विषय दिसावयास रुक्ष आहे व त्यात कायद्याची नावे येतात. लढाई, दंगा अथवा देशाची फाळणी यांपायी माणसाचे घर गेले असता सरकार त्यास काय देते, कशाच्या आधारावर देते, आणि कोणास मुळीच काही देत नाही, हा तो विषय.

हा विषय ज्युबिलीत कशासाठी, असे फादरांनीही आम्हांस विचारले. आम्ही म्हटले, फादर, आपण रोज ज्या गाडीने जातो तिच्या खिडकीतून तो दिसतो. ठाणे स्टेशनाच्या पूर्वेस कोपरी कॉलनी आहे. कल्याण सोडून कर्जतकडे निघाले की विठ्ठलवाडी व उल्हासनगर लागते. घर गमावलेल्या लोकांनी उभ्या केलेल्या या वस्त्या. आपण त्यांच्या शेजारी पाऊणशे वर्षे राहिलो, त्यांच्या दुकानांतून लग्नाचे कापड आणले, परंतु त्यांस गेलेल्या घराचे काय मिळाले हे आपल्यापैकी कितीजणांनी विचारले असेल, कोण जाणे.

भरपाई ही कल्पनाच मुळी फार जुनी नव्हे. १७३७ साली ठाणे आणि १७३९ साली वसई मराठ्यांच्या हाती आली, त्या युद्धात ज्यांची घरे गेली त्यांस कोणी अर्ज करावयास बोलाविले नाही. राज्य बदलले, घर गेले, ते गेलेच. पुढे दोनशे वर्षांनी काळ पालटला. १९४४ च्या एप्रिलात मुंबईच्या गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ या आगबोटीवरील दारूगोळ्याचा स्फोट होऊन मांडवीकडील घरे व वखारी बेचिराख झाल्या, तेव्हा तत्कालीन सरकारने भरपाईसाठी स्वतंत्र वटहुकूमच काढला. नुकसान युद्धाच्या कामात झाले, तर ते एकट्या घरमालकाने का सोसावे, हा प्रश्न तोवर सर्वमान्य झाला होता. उत्तर मात्र अजून व्हावयाचे होते.

आता कॅम्पाकडे वळू. दुसऱ्या महायुद्धात कल्याणपासून तीनेक मैलांवर, उल्हास नदीच्या बाजूच्या माळावर, सैन्याची येजा व्हावी म्हणून मोठी छावणी बांधली गेली. बराकींची संख्या २,००० हून अधिक. युद्ध सरले, शिपाई गेले, बराकी ओस पडल्या. इतक्यात १९४७ चा ऑगस्ट आला. पंजाब व बंगाल दुभंगले, परंतु सिंध प्रांत सबंध पाकिस्तानात गेला. त्यामुळे सिंधी हिंदूंस आपला म्हणावा असा अर्धा प्रांतही उरला नाही. आरंभी बरेचजण तेथेच राहण्याच्या विचारात होते. ६ जानेवारी १९४८ रोजी कराचीत दंगल उसळली आणि तो विचार संपला. आगबोटी भरभरून माणसे मुंबईस उतरू लागली, आणि त्यांतील हजारो कल्याणच्या बराकींत आणून सोडण्यात आली. मधे गोणपाटाचे पडदे लावून एकेका बराकीत अनेक कुटुंबे. ८ ऑगस्ट १९४९ रोजी त्यावेळचे गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते नव्या नगराची कोनशिला बसली व नदीच्या नावावरून उल्हासनगर हे नाव पडले. आमच्या पिढीची माणसे मात्र अद्याप ‘कॅम्पात जाऊन येतो’ असेच म्हणतात.

आमचे तीर्थरूप रेल्वेत कारकून होते. पगार बेताचा, परंतु इंग्रजी अक्षर छापल्यासारखे. १९५० साली मध्यवर्ती सरकारने निर्वासितांच्या दाव्यांचा कायदा केला. पश्चिम पाकिस्तानात ज्यांची स्थावर मालमत्ता राहिली असेल त्यांनी तिची नोंद करावी, आणि दावा अधिकाऱ्यांनी ती तपासून किंमत ठरवावी, अशी योजना. हा अर्ज भरणे म्हणजे परीक्षाच होती. घर कोणत्या गावी, कोणत्या मोहल्ल्यात, बांधकाम कशाचे, क्षेत्रफळ किती, खोल्या किती, मालकी कोणाची, किंमत काय, आणि या सर्वांस पुरावा कोणता! तीर्थरूपांच्या कचेरीतील एका सिंधी गृहस्थाने त्यांस गळ घातली, आणि मग रविवारी मिस्सा आटोपली की ते दौत-टाक, कार्बन कागद व पोळीभाजीचा डबा घेऊन कॅम्पात जाऊन बसू लागले. आम्ही तेव्हा आठनऊ वर्षांचे; टिपकागद धरावयास आम्हांस बरोबर नेत.

त्यांतील एक प्रसंग आमच्या मनातून गेलेला नाही. सिंधमधील हैदराबादची एक वृद्ध विधवा अर्ज भरावयास आली. बरोबर कागद एकही नाही. पदराच्या गाठीस घराची किल्ली तेवढी बांधलेली. तीर्थरूपांनी विचारले, “माई, घर लांब किती, रुंद किती?” ती म्हणाली, “साईं, मोजमाप घरधन्यास ठाऊक. मी तर त्यात राहिले.” मग त्यांनी निराळीच युक्ती केली. हैदराबादेस उन्हाळा कडक. वरचा वारा खाली ओढून घ्यावा म्हणून तेथील घरांच्या छपरावर उभे झरोके बांधीत. “वाऱ्याचे झरोके किती होते, माई?” “चार. प्रत्येक खोलीस एक.” म्हणजे खोल्या चार. “उन्हाळ्यात गच्चीवर खाटा किती मांडीत होता?” तिने बोटे मोडीत माणसे मोजली. अकरा. त्यांपैकी दोघे वाटेत गेले होते, त्यांची नावे घेताना ती थांबली. तीर्थरूपांनी खाटेची लांबीरुंदी अकरांनी गुणून, चालावयास जागा सोडून, गच्चीचे माप काढले व रकान्यात लिहिले. खरेदीखत भिंतीतल्या कोनाड्यात राहिलेले. तेव्हा शेजाऱ्याचे प्रतिज्ञापत्र हवे. शेजारी कोठे? शोध करता तो ठाण्यास कोपरीत निघाला. पुढच्या रविवारी तीर्थरूप स्वतः जाऊन त्याची सही घेऊन आले.

अर्ज पुरा होत असता मागे उभ्या असलेल्या एका माणसाने हळूच सुचविले, “बाबूजी, चाराच्या आठ खोल्या लिहा. सगळेच तसे लिहितात. अधिकारी निम्मे कापतोच.” तीर्थरूप थबकले. बोलणे खोटे नव्हते. दावे फुगवून लिहिले जात, म्हणून अधिकारी कापीत, आणि अधिकारी कापीत, म्हणून दावे फुगवून लिहिले जात. त्यांनी बाईकडे पाहिले. ती म्हणाली, “चारच लिही साईं. मी मेल्यावर घरधनी विचारील, मी चार बांधल्या होत्या, तू आठ केव्हा केल्यास?” तीर्थरूपांनी चार लिहिल्या.

अधिकाऱ्याने तिच्या चार खोल्यांची किंमतही कापली. ज्यांनी आठ लिहिल्या त्यांचे कापूनही चार राहिले असतील, तिचे मात्र दोनच खोल्यांइतके राहिले. तीर्थरूपांस हे शल्य अखेरपर्यंत होते. आपण बाईस साथ दिली ती बरोबर केली, की जाणत्या माणसाने तिला व्यवहार सांगावयास हवा होता, असे ते आम्हांस म्हातारपणी पुनः पुनः विचारीत. आम्ही त्यांस काहीतरी उत्तर देत असू. ते आम्हांसही पटत नसे.

आता पैसा कोठून आला ते पाहू. तपासाअंती मान्य झालेल्या दाव्यांची बेरीज सुमारे ५०० कोटी रुपये झाली. वाटावयास रक्कम होती सुमारे १८५ कोटींची. १९५४ च्या भरपाई व पुनर्वसन कायद्याने जी ‘भरपाईची पुंजी’ निर्माण केली, तिचा मोठा भाग म्हणजे पाकिस्तानात निघून गेलेल्या मुसलमानांची येथे राहिलेली घरेदारे व जमीनजुमला. त्यात सरकारने बांधलेल्या वसाहती व दिलेली कर्जे यांची भर घातली. पाकिस्तानाकडून फरकाची रक्कम येईल ही आशा फोल ठरली. बंधूंनो, येथे क्षणभर थांबावयास हवे. एका गेलेल्या घराची भरपाई दुसऱ्या गेलेल्या घरातून झाली. सिंधमधील चार झरोक्यांच्या घराची किंमत कोठेतरी दिल्लीतील अथवा पंजाबातील एखाद्या विणकराच्या वा अत्तरवाल्याच्या ओसाड वाड्यातून निघाली. आणि सीमेपलीकडे हाच हिशेब उलट्या बाजूने मांडला गेला.

पुंजी अपुरी, म्हणून सर्वांस सारखे प्रमाण दिले नाही. लहान दाव्यांस सुमारे दोनतृतीयांश रक्कम, आणि दावा वाढत जाईल तसतसा हिस्सा उतरता. अगदी मोठ्या जमीनदारांस नवमांशाच्या आसपास. आरंभी विधवा, वृद्ध व निराधार यांस अग्रक्रम देण्यात आला. ही व्यवस्था आम्हांस न्याय्य वाटते. ज्याचे दोन वाडे गेले त्याचे दुःख लहान असे आमचे म्हणणे नाही. परंतु ज्याची एकच खोली गेली त्यास ती प्रथम मिळावी, हे कोणत्याही तराजूत बसेल.

बहुतेकांस रोकड हाती आली नाही. ज्या बराकीत अथवा सदनिकेत ते राहत होते तिची किंमत सरकार ठरवी व ती भरपाईतून वळती करून घेई. दावा नसलेल्यांस तीच जागा हप्त्यांनी विकत मिळे. शेवटी हाती येई ती सनद. आमच्या हैदराबादच्या माईस गोणपाटाचा पडदा जाऊन विटांची भिंत आलेली एक खोली मिळाली. तिने जुनी किल्ली त्या खोलीच्या दारामागे खिळ्यास लावून ठेवली. त्या दारास कुलूप निराळेच होते.

या कायद्यात कोण बसले नाही, हेही सांगितले पाहिजे. दावा मालकीचा, तेव्हा भाड्याच्या घरात दोन पिढ्या काढलेल्यांस घराबद्दल काही नाही. दावा स्थावराचा, तेव्हा भांडीकुंडी, दुकानातील माल, गिऱ्हाईक व पत, यांस काही नाही. दावा पश्चिम पाकिस्तानचा. तेव्हा पूर्व बंगालमधून आलेल्यांस काही नाही. ८ एप्रिल १९५० च्या नेहरू-लियाकत करारान्वये पूर्वेकडील निर्वासितांचा मागील मालमत्तेवरील हक्क कायम राहील असे ठरले होते, आणि हक्क कायम आहे त्यास भरपाई कशाची, असा तो तर्क. कागदावर तर्क बिनतोड होता. माघारी जाऊन त्या घरांत राहू शकलेले किती, हे सांगणे नलगे.

आणि आता जी गोष्ट आम्ही आपल्याच अंगणातली म्हणून राखून ठेवली होती ती. ज्या माळावर छावणी उठली तो माळ काही निर्मनुष्य नव्हता. या परिसरात आगरी, कोळी, कुणबी यांची गावे व भातशेते होती. युद्धकाळात १९३९ च्या भारत संरक्षण कायद्याखाली सरकारला कोणाचीही जमीन ताब्यात घेता येई. त्या कायद्याच्या १९ व्या कलमात मोबदल्याची तरतूदही होती: आपसांत रक्कम ठरावी, न ठरल्यास लवाद नेमावा. परंतु ज्याची सही म्हणजे अंगठा, त्याने सरकारशी आपसांत काय ठरवावे? कल्याणहून मलंगगडाकडे जाताना नेवाळी लागते. तेथे युद्धात विमानांसाठी धावपट्टी झाली. जमीन युद्धापुरती घेतली होती, मोबदला मिळाला नाही, युद्ध संपताच ती परत यावयास हवी होती, असे तेथील शेतकऱ्यांचे म्हणणे. जमीन रीतसर संरक्षण खात्याची आहे, असे सरकारचे. नौदलाने कुंपणाची भिंत घालावयास घेतली तेव्हा, २२ जून २०१७ रोजी, शेतकरी रस्त्यावर उतरले. वाहने जळाली, पोलीसही जखमी झाले आणि गावकरीही. पोलिसांच्या गाड्या जाळणे आम्हांस मान्य नाही. परंतु पाऊणशे वर्षे जुना मोबदल्याचा प्रश्न नातवंडांच्या हातून दगड होऊन बाहेर पडतो, तेव्हा तो मुळात कोठे अडकला होता हे पाहणेही प्राप्त आहे. निर्वासितांस छत मिळाले ते योग्यच झाले. ज्या जमिनींवर अशा छावण्या व धावपट्ट्या उठल्या, त्यांच्या जुन्या धन्यांचा दावा मात्र दावा अधिकाऱ्यांच्या अर्जात कोठल्याच रकान्यात बसत नव्हता.

परदेशांतही हाच प्रश्न पडला. पश्चिम जर्मनीने १९५२ साली भारसमीकरणाचा कायदा केला. ज्यांची घरे बॉम्बफेकीतून व हकालपट्टीतून वाचली होती, त्यांच्या मालमत्तेच्या निम्म्या किमतीइतका कर बसवून तो तीस वर्षांच्या हप्त्यांनी घेतला, आणि ज्यांची घरे गेली त्यांस दिला. वाचलेल्याने गेलेल्याचा भार उचलावा, हे तत्त्व. आमच्याकडे असे झाले नाही. होऊ शकले असते की नाही, हा वाद अर्थशास्त्र्यांवर सोडू.

दंगलीतील घरांची गोष्ट निराळी, आणि ती आपल्या जिल्ह्यास नवखी नाही. भिवंडीने १९७० व १९८४ साली ती भोगली. येथे शत्रू परका नसतो, आणि रक्षण करण्याची जबाबदारी असलेले सरकार आपलेच असते. म्हणून येथील भरपाई ही केवळ दया नसून कर्तव्यातील कसुरीची कबुली असावयास हवी. ओरिसातील कंधमाळ जिल्ह्यात ऑगस्ट २००८ मध्ये आपल्या ख्रिस्ती बांधवांची घरे व देवळे जाळली गेली, हजारो माणसे रानात व छावण्यांत गेली. कटक-भुवनेश्वरचे आर्चबिशप राफाएल चिनाथ यांनी सर्वोच्च न्यायालयाकडे दाद मागितली. आठ वर्षांनी, २ ऑगस्ट २०१६ रोजी, न्यायालयाने आधीची भरपाई अपुरी ठरविली व आणखी रक्कम द्यावयास लाविली: पूर्ण जळालेल्या घरास ७०,००० रुपये, अंशतः मोडलेल्या घरास ३०,००० रुपये. आज ७०,००० रुपयांत डोंबिवलीस न्हाणीघराचीही डागडुजी धड होत नाही, हे आपण सर्व जाणता. तरीही आम्ही तो निकाल लहान मानीत नाही. राज्याने नागरिकांचे रक्षण केले नाही, म्हणून त्याने द्यावे, असे देशाच्या सर्वश्रेष्ठ न्यायासनाने म्हटले. आर्चबिशप चिनाथ निकालानंतर बाराच दिवसांनी, १४ ऑगस्टला, येथेच मुंबईत निवर्तले. निकाल त्यांस ऐकावयास मिळाला.

कल्याण असो, नेवाळी असो वा कंधमाळ, आमच्या तीर्थरूपांच्या कार्बन कागदांपासून आजपर्यंत एक गोष्ट सारखीच दिसते. भरपाई घरास मिळत नाही, कागदास मिळते. ज्याचे घर जळाले त्याचा कागद बहुधा त्या घरातच जळालेला असतो. आणि ज्याच्याकडे कधी कागदच नव्हता, त्याचे घर जळालेच नाही असे सरकारी दृष्टीने होते. कंधमाळच्या रानात पळालेल्या माणसाने पट्टा बरोबर न्यावा, अशी अपेक्षा कोणी करू नये. परंतु त्या पट्ट्याची दुसरी प्रत दुसऱ्या गावी कोणाच्या तरी कपाटात असावी, इतके आपण करू शकतो.

तीर्थरूप वारल्यावर त्यांच्या पत्र्याच्या पेटीत दाव्यांच्या कार्बन प्रती निघाल्या. १९५४ चा तो कायदा व त्याच्या जोडीचे कायदे संसदेने २००५ साली रद्द केले, तेव्हा कायद्याच्या दृष्टीने ती पेटी रद्दीच होय. तरी दोन वर्षांपूर्वी हैदराबादच्या त्या माईचा पणतू आमच्याकडे आला. बराक पाडून तेथे इमारत व्हावयाची होती, आणि खोली मुळात कोणाच्या नावे झाली यावरून भावाभावांत वाद होता. सनद सापडत नव्हती. प्रतीत माईचे नाव, पतीचे नाव, चार खोल्या, अकरा खाटांची गच्ची, सर्व होते. त्याने ती प्रत हाती धरली आणि खोलीच्या वादाचे विचारावयाचे सोडून भलतेच विचारले: गच्चीवर अकरा खाटा, म्हणजे अकरा माणसे कोण कोण होती? तीर्थरूपांनी समासात पेन्सिलीने नावे लिहून ठेवली होती. आम्ही ती वाचून दाखविली. त्यांतील दोन नावे त्याच्या घरात कोणास ठाऊकच नव्हती.

आपल्या धर्मग्रामातही चाळीतली खोली आजोबांच्या नावावर, आजोबा देवाघरी, आणि भाड्याच्या पावत्या मावशीच्या ट्रंकेत, अशी घरे कमी नाहीत. परगावची शेतजमीन सातबाऱ्यावर कोणाच्या नावे आहे हे न पाहता वीस वर्षे काढलेले सभासदही आमच्यासमोर बसले आहेत. नावे घेत नाही. फादरांनी सभागृहातील एक लोखंडी कपाट या कामासाठी दिले आहे. येत्या रविवारी दुसऱ्या मिस्सेनंतर आम्ही व आणखी दोन सभासद तेथे बसू. खरेदीखत, सातबारा, घरपट्टी, भाडेपावती, रेशनकार्ड, जे असेल त्याची प्रत आणावी. मूळ कागद घरीच ठेवावा. ज्यांच्याकडे कागदच नाही त्यांनीही यावे. खोल्या किती व दार कोणत्या दिशेस, हे आम्ही विचारून लिहून घेऊ, आणि शेजाऱ्याची सही लागेल, तेव्हा शेजाऱ्याशी भांडण असल्यास ते शनिवारपर्यंत मिटवून यावे.